जनुक तेच, जागा वेगळी: क्रोमॅटिनची मांडणी आणि जनुकांचं चालू-बंद

१९३० साली हर्मन म्युलर यांनी क्ष-किरणांचा मारा केलेल्या फळमाश्यांमध्ये एक विचित्र डोळा नोंदवला. तो ना धड लाल, ना धड पांढरा; लाल-पांढऱ्या चट्ट्यांचा. डोळ्याला लाल रंग येण्यासाठी लागणारं जनुक या माश्यांमध्ये शाबूत होतं, त्यातलं एक अक्षरही बदललेलं नव्हतं. गुणसूत्र मात्र दोन ठिकाणी तुटून मधला तुकडा उलटा जोडला गेला होता. त्या उलथापालथीत हे धडधाकट जनुक सेंट्रोमिअरजवळच्या (गुणसूत्राच्या आवळलेल्या बिंदूजवळच्या), सूक्ष्मदर्शकाखाली कायम गडद दिसणाऱ्या दाट भागाच्या शेजारी जाऊन बसलं होतं. शेजार बदलला आणि काही पेशींत ते बंद पडलं, काहींत चालू राहिलं.

चट्टे का, विखुरलेले ठिपके का नाहीत? कारण हा निर्णय डोळा घडण्याच्या सुरुवातीलाच एखाद्या पेशीत होतो आणि तिच्या लेकी-नातींकडे तसाच उतरतो. चालू ठरलेल्या पेशीच्या वंशाचा लाल चट्टा, बंद ठरलेल्या पेशीच्या वंशाचा पांढरा. म्हणजे जनुकाची अक्षरं वाचून ते काय बनवू शकतं हे कळेल, पण या पेशीत ते बनवेल की नाही हे कळणार नाही. त्यासाठी डीएनए कशाभोवती गुंडाळला आहे, कुठे आहे आणि कोणाच्या संगतीत आहे ते पाहावं लागतं. डीएनए आणि त्याला चिकटलेली प्रथिनं मिळून जे द्रव्य बनतं ते क्रोमॅटिन. त्याच्या मांडणीचे अनेक थर आहेत आणि प्रत्येक थराचा जनुकावरचा जोर वेगळा आहे. हा फरक लक्षात न घेतल्यामुळे या विषयात बराच गोंधळ होतो.

अडचण जागेची नाही

माणसाच्या एका पेशीत आई-वडिलांकडून आलेला मिळून सुमारे ६४० कोटी बेसजोड्यांचा (समोरासमोर जोडलेल्या अक्षरांचा) डीएनए असतो. लगतच्या दोन जोड्यांमधलं अंतर ०.३४ नॅनोमीटर, गुणाकार केला की लांबी २ मीटरच्या थोडी वर भरते. हे सगळं साधारण १० मायक्रोमीटर व्यासाच्या केंद्रकात असतं. इथे बहुतेक लेख थक्क होतात आणि ‘म्हणून तो दाबून भरावा लागतो’ असं सांगून पुढे जातात. घनफळाचा हिशेब करून पाहा. डीएनएची जाडी २ नॅनोमीटर धरली, तर त्या सगळ्या धाग्याचं घनफळ सुमारे ७ घन मायक्रोमीटर येतं. १० मायक्रोमीटर व्यासाच्या गोलाचं येतं सुमारे ५२०. म्हणजे नुसता डीएनए जेमतेम सव्वा टक्का जागा घेतो. प्रथिनांचे गोळे धरले तरी भरपूर जागा उरते.

खरी अडचण लांबीची आणि विद्युतभाराची आहे. इतका लांब धागा मोकळा सोडला तर त्याचा गुंता होणारच. शिवाय प्रत्येक बेसजोडीमागे दोन ऋण भार असतात, त्यामुळे धाग्याचे भाग एकमेकांना दूर ढकलतात. धन भाराची हिस्टोन प्रथिनं इथे कामाला येतात. एच२ए, एच२बी, एच३ आणि एच४ या चार प्रकारांचे प्रत्येकी दोन असे आठ हिस्टोन मिळून एक रीळ बनतं आणि त्याभोवती सुमारे १४७ बेसजोड्यांचा डीएनए जवळजवळ पावणेदोन वेढे घेतो. हा झाला न्यूक्लिओसोम, व्यास सुमारे ११ नॅनोमीटर. मग थोडा मोकळा दुवा, मग पुढचं रीळ. दर २०० बेसजोड्यांमागे एक रीळ धरलं तर एका पेशीत तीन कोटींच्या आसपास न्यूक्लिओसोम होतात.

पाठ्यपुस्तकातल्या चित्रात यापुढे ही माळ पिळून ३० नॅनोमीटर जाडीचा नीटनेटका दोर बनतो, मग त्याहून जाड दोर, आणि शेवटी इंग्रजी एक्सच्या आकाराचं गुणसूत्र. ३० नॅनोमीटरचा दोर परीक्षानळीत, ठरावीक क्षारांच्या द्रावणात खरोखर दिसतो. पण २०१७ मध्ये माणसाच्या शाबूत पेशींचं इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने त्रिमितीय चित्रण झालं, तेव्हा तिथे ५ ते २४ नॅनोमीटर जाडीच्या, हव्या तशा वळलेल्या साखळ्या दिसल्या. दाट भाग आणि विरळ भाग यांच्यात फरक होता तो साखळ्यांच्या गर्दीचा. तेव्हा ते पायऱ्यापायऱ्यांचं चित्र मनातून पुसून टाकलेलं बरं. घट्ट गुंडाळी आणि सैल गुंडाळी अशा दोन वेगळ्या वस्तू नसतात. एकच माळ कुठे दाटीवाटीने बसते, कुठे पांगते.

रीळ जनुकाला अडवतं कसं

जनुक चालू होतं म्हणजे काय, तर त्याच्या सुरुवातीच्या भागावर, प्रमोटरवर, आरएनए पॉलिमरेज हे एंझाइम आणि त्याचे डझनावारी साथीदार जमतात आणि आरएनए नक्कल काढू लागतात. त्याआधी नियामक प्रथिनांना डीएनएवरचे आपापले सहा ते बारा अक्षरांचे संकेत सापडावे लागतात. संकेत रिळावर गुंडाळलेला असेल तर त्याची एक बाजू हिस्टोनला टेकलेली असते, शेजारच्या वेढ्याचीही अडचण होते. बहुतेक प्रथिनांना तिथे नीट बसता येत नाही.

तरीही ही कुलूपबंद तिजोरी नव्हे. रिळावरच्या डीएनएची टोकं आपणहून सुटतात आणि पुन्हा बसतात. मोजमाप सांगतं की टोकाचा भाग साधारण पाव सेकंद गुंडाळलेला राहतो, मग १० ते ५० सहस्रांश सेकंद सुटतो. म्हणून रिळाच्या कडेला असलेला संकेत अधूनमधून हाती लागतो. रिळाच्या मध्यावरचा संकेत उघडा पडण्याची शक्यता त्याहून शेकडो-हजारो पटींनी कमी असते. त्यामुळे रीळ दहा अक्षरं इकडे सरकलं की तिकडे, यावरही जनुकाचं नशीब बदलू शकतं. क्रोमॅटिनबद्दल बोलताना ‘उघडं’ आणि ‘बंद’ हे शब्द सोयीचे आहेत, पण प्रत्यक्षात पेशी शक्यतांचं पारडं इकडे-तिकडे झुकवत असते.

हे पारडं झुकवण्याचे मार्ग मुख्यतः तीन.

पहिला म्हणजे रीळ सरळ ढकलणं. एसडब्ल्यूआय-एसएनएफसारखी प्रथिनांची यंत्रं एटीपी या पेशीच्या इंधनाची ऊर्जा खर्चून रीळ सरकवतात, सोडवतात किंवा उचलून टाकतात. चालू जनुकाच्या प्रमोटरवर यामुळे साधारण १५० ते २०० बेसजोड्यांची मोकळी जागा राखली जाते, आणि ती एकदा साफ करून भागत नाही. यंत्र थांबवलं की मोकळ्या केलेल्या बऱ्याच जागांवर थोड्याच वेळात पुन्हा रीळ येऊन बसतं. माणसाच्या सुमारे २० टक्के कर्करोगांत या यंत्राच्या कुठल्या ना कुठल्या सुट्या भागाच्या जनुकात बिघाड सापडतो. त्यावरून त्याचं वजन कळावं.

दुसरा मार्ग खुणांचा. हिस्टोनांच्या शेपट्या रिळाबाहेर लोंबत असतात आणि त्यांवर लायसिन या अमिनो आम्लाचे धन भार असतात. लायसिनला ॲसिटिल गट जोडला की तो भार नाहीसा होतो, शेपटीची डीएनएवरची आणि शेजारच्या रिळावरची पकड सैल होते. ॲसिटिल गट आणि जनुकांचं काम यांचा संबंध व्हिन्सेंट ऑलफ्री यांनी १९६४ मध्येच सुचवला होता. तो गट जोडणारं एंझाइम हे जनुक चालू करणारं आधीच माहीत असलेलं एक प्रथिन निघालं, हे १९९६ मध्ये डेव्हिड ॲलिस यांच्या गटाने दाखवलं. मिथाइल गटाचं काम वेगळ्या रीतीने चालतं. त्याने भार जात नाही, फक्त ओळख पटते. तोच गट एच३ च्या चौथ्या लायसिनवर तीनदा जोडला असेल तर ती चालू प्रमोटरची खूण, नवव्यावर असेल तर दाट, कायम बंद भागाची, आणि सत्ताविसाव्यावर असेल तर ‘सध्या बंद’ अशी, भ्रूणाच्या वाढीत गरज पडल्यास उठवता येणारी. नवव्या लायसिनवरची खूण ओळखणारं एचपी१ हे प्रथिन तिथे बसतं, खूण करणाऱ्या एंझाइमला शेजारी आणतं, मग शेजारच्या रिळावरही तीच खूण उमटते. म्युलर यांच्या माशीत दाटपणा पसरून शेजारच्या जनुकावर आला तो असा. तिच्या चट्ट्यांचं प्रमाण बदलणारे उत्परिवर्ती (दुसऱ्या एखाद्या जनुकात बदल झालेल्या माश्या) शोधतानाच या प्रथिनांची साखळी हाती लागली.

तिसरा मार्ग आहे वाट फोडणाऱ्या प्रथिनांचा. एफओएक्सए, गाटा, ओसीटी४ यांसारख्या काही नियामकांना रिळावर गुंडाळलेला संकेतही ओळखता येतो. ते आधी पोचतात, मग ढकलणारी यंत्रं आणि खुणा करणारी एंझाइमं बोलावतात. यकृताची पेशी यकृताचीच का होते याच्या मुळाशी अशी मोजकी प्रथिनं असतात.

हे मोजतात कसं, आणि कुठे फसतात

उघड्या जागा शोधण्याची आज सर्वांत रुळलेली पद्धत म्हणजे २०१३ मध्ये आलेली अटॅक-सीक. सुमारे ५०,००० पेशींची केंद्रकं घ्यायची, त्यांत टीएन५ हे ट्रान्सपोजेज एंझाइम सोडायचं आणि ३७ अंश सेल्सिअसला ३० मिनिटं ठेवायचं. डीएनए जिथे मोकळा असेल तिथे एंझाइम तो कापतं आणि त्याच क्षणी वाचनासाठी लागणारी टोकं जोडतं. मग सगळे तुकडे वाचून जीनोमवर, म्हणजे पेशीच्या संपूर्ण डीएनएवर, कुठे ढीग पडतात ते पाहायचं. प्रयोग नीट झाला असेल तर तुकड्यांच्या लांबीत पायऱ्या दिसतात: १०० बेसजोड्यांपेक्षा लहान तुकड्यांची एक रास, मग २०० च्या आसपास एका रिळाची, ४०० च्या आसपास दोन रिळांची. या पायऱ्या दिसत नसतील तर पुढच्या विश्लेषणावर वेळ घालवू नये.

बिघडतं ते बहुधा चार कारणांनी. पेशी कमी मोजल्या गेल्या तर एंझाइमचं प्रमाण जास्त होतं आणि दाट भागही कापले जातात. मेलेल्या पेशी जास्त असतील तर त्यांचा सुटा डीएनए सगळीकडे सारखा गोंगाट भरतो. मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएवर हिस्टोन नसतात, त्यामुळे एंझाइम त्याच्यावर तुटून पडतं आणि कधी कधी निम्म्याहून जास्त वाचन त्यातच वाया जातं. केंद्रकं काळजीपूर्वक धुणं हाच उपाय. चौथं कारण जास्त फसवं आहे. टीएन५ ला काही अक्षरक्रम इतरांपेक्षा आवडतात, म्हणून एखाद्या जागी कमी कापलं गेलं म्हणजे तिथे प्रथिन बसलं होतं, असा निष्कर्ष लगेच काढता येत नाही.

खुणा पाहायच्या तर चिप-सीक: पेशी १ टक्का फॉर्मल्डिहाइडमध्ये १० मिनिटं ठेवून प्रथिनं डीएनएला जागच्या जागी चिकटवायची, ग्लायसिनने ती क्रिया थांबवायची, ध्वनिलहरींनी २०० ते ५०० बेसजोड्यांचे तुकडे करायचे आणि हवी ती खूण ओळखून तिला चिकटणाऱ्या प्रतिपिंडाने ते वेगळे काढायचे. फॉर्मल्डिहाइडमध्ये जास्त वेळ गेला तर क्रोमॅटिन नीट तुटत नाही. मोठा धोका मात्र प्रतिपिंडाचा. एच३ चा नववा आणि सत्ताविसावा लायसिन यांच्या लगतची अमिनो आम्लं सारखीच आहेत: ॲलनिन, आर्जिनिन, मग तो लायसिन, मग सेरिन. निकृष्ट प्रतिपिंड या दोघांत गल्लत करतं आणि कायमच्या बंद भागाची आणि तात्पुरत्या बंद भागाची खूण एकमेकांत मिसळून जाते.

केंद्रकातला भूगोल

आता मागे सरून संपूर्ण केंद्रक पाहू. प्रत्येक गुणसूत्र आपापल्या प्रदेशात राहतं. सगळी एकमेकांत कालवलेली नसतात. माणसाचं १८ वं आणि १९ वं गुणसूत्र आकाराने फार वेगळी नाहीत, पण १९ व्यावर जनुकांची गर्दी आहे तर १८ व्यावर ती विरळ. लसिकापेशींत (एका प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशींत) १९ वं केंद्रकाच्या आतल्या बाजूला आढळतं, १८ वं कडेला. कडेला केंद्रकाच्या पडद्याच्या आतून लॅमिन प्रथिनांचं अस्तर असतं. जीनोमचा एक तृतीयांशाहून जास्त भाग त्याच्या संपर्कात येतो आणि त्या भागांतली जनुकं बहुतांश मुकी असतात.

२००९ मध्ये हाय-सी ही पद्धत आली. यात फॉर्मल्डिहाइडने सगळं जागच्या जागी गोठवून डीएनए कापतात, जवळजवळ असलेली टोकं एकमेकांना जोडतात, आणि कुठला तुकडा कुठल्या दूरच्या तुकड्याला जोडला गेला ते वाचतात. त्यातून दिसलं की जीनोमचे ढोबळ दोन गट पडतात: चालू भाग चालू भागांच्या संगतीत, बंद भाग बंद भागांच्या. हा नकाशा पाहताना एक भान ठेवावं लागतं. तो लाखो पेशींची सरासरी आहे. नकाशात ठळक दिसणारा संपर्कही एखाद्या क्षणी मोजक्याच पेशींत असू शकतो.

कडेला असल्यामुळे जनुक बंद पडतं, की बंद असल्यामुळे ते कडेला जातं? दोन्ही बाजूंनी पुरावे आहेत. एखादं जनुक मुद्दाम अस्तराला बांधून ठेवलं की काही जनुकं मंदावतात, काहींना फरक पडत नाही. २०१४ च्या एका प्रयोगात जनुक चालू न करता फक्त त्याच्या भोवतीचं क्रोमॅटिन सैल केलं, तर जनुक केंद्रकाच्या आत सरकलं, पण मुकंच राहिलं. म्हणजे जागा बदलायला क्रोमॅटिनचं सैल होणं पुरतं, आणि जागा बदलली म्हणून जनुक बोलतंच असं नाही. निशाचर सस्तन प्राण्यांच्या डोळ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या दंडपेशी तर सगळा भूगोलच उलटा करतात: दाट क्रोमॅटिन मधोमध, चालू भाग कडेला. दाट गाभा भिंगासारखा प्रकाश पुढे नेतो, अंधारात त्याचा फायदा होतो, आणि पेशीची जनुकं आपलं काम करतच राहतात. या पातळीवरच्या मांडणीचा जनुकांवर परिणाम आहे, पण तो प्रमोटरवर बसलेल्या रिळाइतका थेट नाही, असंच माझं मत या पुराव्यांवरून होतं.

फास आणि सीमा

या दोन टोकांच्या मधला थर सर्वांत वादाचा आहे, आणि माझ्या मते सर्वांत रंजकही. जनुकाला चालना देणारे एन्हान्सर नावाचे डीएनएचे तुकडे त्याच्यापासून फार लांब असू शकतात. हातापायांची बोटं घडवताना लागणाऱ्या एसएचएच जनुकाचा एन्हान्सर माणसात त्याच्यापासून सुमारे १० लाख बेसजोड्यांवर, चक्क दुसऱ्या एका जनुकाच्या पोटात आहे. त्यातलं एखादं अक्षर बदललं तरी जादा बोट येऊ शकतं. उंदरातून तो पूर्ण काढला तर पाय खुंटतात. इतक्या लांबून त्याने नेमकं याच जनुकाला गाठायचं कसं?

कोहेसिन नावाचं कड्याच्या आकाराचं प्रथिनयंत्र क्रोमॅटिनवर बसतं आणि धागा दोन्ही बाजूंनी आत ओढत फास मोठा करत जातं. २०१९ मध्ये हे काचेवर ताणलेल्या डीएनएवर प्रत्यक्ष पाहिलं गेलं. वेग सेकंदाला हजाराच्या आसपास बेसजोड्या. ओढणं थांबतं ते सीटीसीएफ हे प्रथिन वाटेत आडवं आलं की. त्यातही अट आहे. सीटीसीएफच्या संकेताला दिशा असते आणि फासाच्या दोन्ही टोकांचे संकेत एकमेकांकडे तोंड करून असावे लागतात. एक संकेत उलटा केला की फास तिथे अडत नाही. अशा सीमांनी जीनोमचे लाखो बेसजोड्यांचे इलाखे पडतात आणि इलाख्याच्या आतले तुकडे एकमेकांना जास्त वेळा भेटतात. मात्र सीटीसीएफ एका जागी एक-दोन मिनिटंच टिकतं, कोहेसिन वीसेक मिनिटं. सीमा म्हणजे भिंत नव्हे, येता-जाता उभा राहणारा पहारेकरी.

सीमा मोडली की काय होतं हे २०१५ मध्ये स्पष्ट झालं. ईपीएचए४ जनुकाभोवतीचा डीएनएचा तुकडा सीमेसह गळला, तर या जनुकासाठी हातापायांत काम करणारा एन्हान्सर शेजारच्या इलाख्यातल्या पीएएक्स३ जनुकापर्यंत पोचतो. ते जनुक त्या जागी एरवी मुकं असतं. ते बोलू लागतं आणि बोटं आखूड होतात. उंदरात तोच तुकडा काढून, पण सीमा जागेवर ठेवून पाहिलं, तर बोटं नीट घडली.

आणि तरीही २०१७ मध्ये मानवी पेशींतून कोहेसिन काही तासांत नाहीसं केलं गेलं, तेव्हा सगळे फास आणि इलाखे नकाशावरून पुसले गेले, पण दुपटीहून जास्त फरक पडलेली जनुकं फार थोडी निघाली. हा विरोधाभास सुटतो तो वेळ लक्षात घेतली की. आधीच चालू असलेल्या जनुकाचा प्रमोटर मोकळा असतो, खुणा जागेवर असतात. फास गेला तरी ते काही काळ रेटून नेतं. नवीन जनुक उठवायचं असेल तेव्हा मात्र फासांची गरज पडते. कोहेसिन काढलेल्या भक्षक पेशींना जंतूंची चाहूल दिली, तर दाह निर्माण करणारी बरीच जनुकं नीट उठत नाहीत. भ्रूणाच्या वाढीत तर अशी उठवाउठव सतत चालू असते. कोहेसिनला धाग्यावर चढवणाऱ्या एनआयपीबीएल जनुकाची एकच प्रत बिघडली तरी कॉर्नेलिया डी लँग सिंड्रोम हा जन्मजात विकार होतो, त्यामागचं कारण हेच असावं असं मानलं जातं.

औषधांपर्यंत

या ज्ञानावर उभी असलेली औषधं सध्या मुख्यतः खुणांच्या थरावर आहेत. ॲसिटिल गट काढणाऱ्या एंझाइमांना रोखणारं व्होरिनोस्टॅट २००६ पासून त्वचेच्या एका लिम्फोमासाठी (लसिकापेशींच्या कर्करोगासाठी) वापरात आलं. सत्ताविसाव्या लायसिनवर खूण करणाऱ्या ईझेडएच२ या एंझाइमला रोखणारं टॅझेमेटोस्टॅट २०२० मध्ये. दोन्हींची मर्यादा एकच: एंझाइम थांबवलं की संपूर्ण जीनोमभर हजारो जागांवर फरक पडतो, हव्या त्या एका जनुकावर नाही.

एकाच जागी घाव घालायचा तर एन्हान्सर गाठावा लागतो. जन्मानंतर गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन बंद ठेवण्याचं काम बीसीएल११ए हे प्रथिन करतं. सिकल सेल आजारात ते हिमोग्लोबिन पुन्हा चालू झालं तर रुग्णाला फायदा होतो. पण हे जनुकच मोडून चालत नाही, कारण प्रतिपिंडं बनवणाऱ्या बी पेशी घडण्यासाठीही ते लागतं. त्याच्या पोटात एक एन्हान्सर आहे, जो फक्त लाल रक्तपेशींच्या वंशात उघडा असतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनमध्ये मंजुरी मिळालेल्या कॅसजेव्ही या उपचारात रुग्णाच्या रक्तमूळपेशी बाहेर काढून क्रिस्पर या डीएनए कापणाऱ्या तंत्राने या एन्हान्सरमधला गाटा१ चा संकेत कापतात आणि पेशी परत देतात. लाल पेशी घडताना बीसीएल११ए कमी बनतं आणि गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन वाढतं. बी पेशींतही तो संकेत कापलेलाच असतो, पण तिथे हा एन्हान्सर मुळात वापरातच नसल्याने जनुक पूर्वीसारखं चालू राहतं.